चार टायर, अक्कलकोट रोड

गाडी पोराची. त्याची बदली झाली हैदराबादला,
आणि किल्ली लटकवून गेला देवाच्या फोटोखालच्या खिळ्याला.
पांढरी, लांब डिकीची. सोलापूरचे सात उन्हाळे
तिनं बहुतेक घरापुढं उभ्यानंच काढले.
टायरची नक्षी अजून शाबूत,
पण रबर म्हणजे कडक भाकरी झालेलं.
नख दाबलं तर नखच वळतं.

साठच्या पुढं काटा गेला की सुरू व्हायचं.
आधी बारीक, पायाखालून,
मग वाढत वाढत अख्खी शेड:
चोवीस माग, आणि एकही बंद पडत नाही.

एकतीस वर्षं जॉबर होतो मी.
त्या दणक्यात पाठमोरा उभा राहून सांगायचो,
सतरा नंबरचा धोटा अडखळतोय, बघ जा.
माणसांचं मात्र ओठांवरून वाचायचो.
घरी आलो तरी
पाणी मागायचो ते शेडमधल्या आवाजात.

पद्मा मागं बसते. पुढचा पट्टा तिला काचतो.
आरशात तिचं कपाळ दिसतं, कुंकू दिसतं,
ओठ दिसत नाहीत.

जैनुद्दीन टायरवाल्यानं विचारलं,
"काका, आवाज कमी पाहिजे, का जास्त चालायला पाहिजे?"
दोन्ही, म्हटलं.
"दोन्ही नसतंय. मऊ असतंय ते झिजतंय."
पद्मा बाकड्यावर बसली होती, हात मांडीत.
रोजच्या हजार विड्या वळून वळून
तिचा अंगठा आता रेशनच्या मशीनला लागत नाही.
मी म्हटलं, मऊच दाखव.

त्यानं एक उभा केला माझ्यापुढं.
मी बोट फिरवलं चौकड्यांवरनं.
एक रुंद, पुढची अरुंद, मग दोन मधल्या,
मग परत रुंद. चुकलंय का काय हे?
"मुद्दाम असतंय काका. सगळ्या सारख्या असल्या
की एकाच सुरात ठोकतात, आणि घूं घूं साचतंय."
हे मला कुणी समजवायला नको होतं.
सगळे माग एका ठेक्यात आले
की शेडचे पत्रे थरथरायचे, दात शिवशिवायचे.
एखादा मागंपुढं असला म्हणजे बरं असतं.

घासाघीस केली. जुन्या चारांचे त्यानं आठशे धरले.
पोराला फोन केला नाही, तो स्वस्तातलं सांगितला असता.
रिमच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकून
चाक गरागरा फिरवलं, थांबवलं, परत फिरवलं.
हवा बत्तीस. "चाळीस मारून पळवू नका,
मग म्हणाल जैनुद्दीननं फसवलं."

निघालो. साठ. पासष्ट.
शेड उघडलीच नाही.
आधी कप्प्यातली जुनी पावती खुळखुळली, तिच्यावरचं नाणं.
मग सीटखालची बाटली. मग कुठलातरी स्क्रू,
सात वर्षांत पहिल्यांदा ऐकला.
मी ओरडलो, "कसं वाटतंय गं?"

"ओरडू नका. हितंच बसलेय मी."

आणि मग ती बोलत राहिली. माझ्याशी, किंवा
काचेशी, जशी रोज बोलत असणार:
"...म्हणून मग त्या बाईला मी म्हटलं,
पानं तू ओली दिलीस, आणि छाट माझी काढतेस होय..."

कुठल्या बाईला? कधीची गोष्ट?
आधीचं कुठं सांडलं असेल,
होटगी रोडला, का त्याच्याही आधी,
मी कारखान्यातनं येऊन ताटावर बसायचो तेव्हा?
विचारलं नाही. विचारलं तर थांबली असती.

काटा पन्नासवर आणला.
कुंभारीचं वळण आलं.
तिनं पाहिलं, मी पाहिलं.
बाई अजून छाट काढत होती.